डब्यातली अकरा पानं

कात्रीकाकूंच्या हाताला खोडच होती. डागाळलेलं पान दिसलं की हात एप्रनच्या खिशात, आणि कात्री बाहेर. बावीस वर्षं त्या संशोधन केंद्राच्या काचघरात रोपं सांभाळत होत्या. घरी नवऱ्याच्या शर्टाचा धागा लोंबताना दिसला तरी ओरडायच्या, "हलू नका!" नवरा टेलर. तो म्हणायचा, "तुला दुकानात बसवली तर गिऱ्हाईक कानाला मुकेल."

काचघराचा एक नियम होता. रोगट पान उघड्यावर टाकायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या तारखेचं पान फाडायचं, त्यात गुंडाळायचं आणि पुडी पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा भरला की मागच्या भट्टीत रिकामा करायचा.

दाढ काढायची म्हणून काकू सोमवार-मंगळवार घरी होत्या. तिथेच सगळं बिनसलं. बुधवारी आल्या तर डाव्या टेबलावर, दाराकडच्या काकडीच्या तीन रोपांच्या सगळ्यांत खालच्या पानांवर फिकट गोल. कच्च, कच्च, कच्च. शुक्रवारी पुढच्या रोपांवर चांगले तपकिरी डाग. आणखी आठ पानं. आठवं पुडीत बांधलं आणि तिथले प्रयोग करणाऱ्या मॅडम आत आल्या.

"काकू, सोमवारी तुम्ही नव्हतात, सांगायचं राहिलंच. डाव्या टेबलाच्या खालच्या पानांना हात लावायचा नाही हं. सोमवारीच मी त्यांना मुद्दाम करपा दिलाय, बुरशीचा रोग."

"मुद्दाम?" काकूंनी पुडी एप्रनखाली सरकवली.

"झाडाला धडा द्यायचाय. बुरशीचं कवच असतं ना, त्यात झुरळाच्या पाठीवर असतो तोच चिवट पदार्थ असतो. तो कुरतडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, झाडाकडे असतं, पण ते भरपूर करून ठेवत नाही. एका पानाला मार बसला की तिथून निरोप वर जातो, आणि वरची पानं विकर साठवून तयार बसतात. येत्या सोमवारी दोन्ही टेबलांवर वरून खरा करपा फवारणार. उजवं टेबल कोरं आहे. डावं टिकलं पाहिजे."

"आणि ते खालचं पानच नसलं तर?"

"नसायला काय झालं?" मॅडम हसल्या आणि गेल्या.

काकूंना आठवलं. वर्षभरापूर्वी इथल्या मदतनीस मुलीनं पानं ओल्या फडक्यानं पुसली होती. आठ दिवसांत तिचं कपाट रिकामं झालं होतं. वीस रोपांतल्या अकरांचा धडाच आपण कापून टाकला! त्यांनी दाराकडे पाहिलं आणि एकेक कुंडी अशी फिरवली, की कापलेल्या देठाचा खुंट भिंतीकडे जावा. वरच्या पानांच्या छत्रीखाली कोण बघतंय?

घरी काकूंनी न जेवताच ताटावरून हात उचलला, तसा टेलर म्हणाला, "दाढ काढली की जीभ?"

"मी सांगितलं तर मला काढतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर रोपं मरतील आणि तेव्हा काढतील."

"मग आजच सांग की बाई, मधले दिवस तरी जेवशील."

पण त्या बोलल्या नाहीत. सोमवारी फवारणी झाली. पुढचा आठवडाभर काकू रोज तासभर आधी यायच्या, दाराशी उभं राहून डोळे मिटायच्या आणि मग आत शिरायच्या. पाचव्या दिवशी उजवं टेबल करपलं. सहाव्या दिवशी डाव्या टेबलावर दाराकडची तीन रोपं.  आता बाकीची आठ, आता बाकीची आठ... पण ती हिरवीगार राहिली.

आठव्या दिवशी मॅडम स्टुलावर बसल्या होत्या, मान खाली. "त्या तिघांनी तोंडघशी पाडलं, काकू. सारखा धडा, सारखी माती, तरी तीन गेलीच. म्हणजे यावर भरवसा ठेवता येत नाही. हे काम थांबवा असं मी आजच लिहून देते. तुम्ही सगळं भट्टीत घाला. तो डबाही."

डबा काकूंच्या हातातच होता. भट्टी पेटलेली होती. वीस पावलं चालायचं, झाकण काढायचं, की कुणाला काही कळणार नव्हतं.

सात-आठ पावलं गेल्या असतील. मग वळल्या, आणि डबा मॅडमच्या पुढ्यात उपडा केला. पुड्या घरंगळल्या.

"ती तीन मी कापली. खालची पानं. बुधवारी. आणि ही आठ शुक्रवारी. पुड्यांवर तारखा आहेत."

मॅडमनी एक पुडी उघडली. मग दुसरी. उठून एकेक कुंडी भिंतीकडून फिरवली आणि खुंट मोजले.

"बुधवारी कापलेली गेली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "शुक्रवारची जगली. म्हणजे दोन दिवसांत निरोप पुरता पोचला नव्हता. चार दिवसांत पोचला होता, मग पान असो नसो..." एकदम थांबल्या. "कुंड्या कुणी फिरवल्या?"

"मी."

"त्या मुलीला पानं पुसली म्हणून काढलं नव्हतं, काकू. विचारल्यावर नाही म्हणाली, म्हणून काढलं."

काकूंनी विचारलं, "मग... माझं?"

"वर सगळं कळवावं लागेल. तुम्ही लपवलंत तेही. पुढचं मला माहीत नाही. पण तीन रोपांवरून मी कुणाला काय सांगू? सोमवारी नवी रोपं, नवा धडा. बुधवारी आणि शुक्रवारी पानं तुम्हीच कापायची. माझ्यासमोर."

बुधवारी काकू डाव्या टेबलाशी उभ्या राहिल्या. वरून अजून काही उत्तर आलं नव्हतं. मॅडमनी वही उघडली. बावीस वर्षांत हजारो पानं विचार न करता कापलेला तो हात आज देठापाशी कात्री नेऊन अडला.

"कापा, काकू."

"हे झाड मरणार ना, मॅडम?"

"बहुतेक."

काकूंनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, आणि कापलं.