रेकॉर्डची कोरी बाजू

कुरिअरवाल्यानं पुठ्ठ्याचं चौकोनी, चपटं पार्सल ओटीवर ठेवलं तेव्हा मला वाटलं, मुलानं न्हाणीसाठी आरसा मागवला असेल. नातीनं येऊन उघडलं तर आतून निघाली रेकॉर्ड. काळी, चकचकीत, जेवायच्या ताटाएवढी. असली रेकॉर्ड मी शेवटची पाहिली त्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि तेव्हाही मला तिचा रागच यायचा. तो का, ते सांगते. सांगते म्हणजे लिहिते. बोलायची हौस मला पहिल्यापासून, पण गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता तोंडातून नुसता वारा येतो. जवळ बसलेल्याला चार शब्द कळतात, बाकीचे हातवारे. शाळेत मी गेले नाही. मुलगा पहिलीत होता तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या पाटीवर अक्षरं गिरवली, तेवढंच माझं शिकणं. म्हणून जसं बोलले असते तसंच लिहितेय, शुद्ध-अशुद्ध तुम्ही बघून घ्या.

रेकॉर्ड नातीच्या बँडची. बँड म्हटल्यावर आमच्याकडं लग्नाच्या वरातीतला डोळ्यांपुढं येतो, तसला नव्हे. त्याला हार्डकोर पंक म्हणतात. वाजवणारे तिघं, आणि पुढं उभी राहून ओरडणारी माझी नात. गाणं दीड मिनिटाचं असतं. सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं. पहिल्यांदा तिनं मागच्या खोलीत दार लावून सराव केला, तेव्हा शेजारीण अंगारा घेऊन धावत आली होती. तिला वाटलं, पोरीच्या अंगात आलं. मी म्हटलं, येऊ दे गो, कुणाच्या तरी अंगात अजून काही येतंय हे बरंच की.

तर राग. मी आमच्या गावची धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लोकांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आधी गावदेवीला बोलवायचं, मग वेशीवरच्या देवांना, मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. सगळी आली की मग नवरीला हळद. माझी सासू धवलारीण होती, तिच्याकडून हे माझ्याकडं आलं. त्या काळात मांडवाच्या खांबाला कर्णा बांधायचे आणि खाली पेटीवर रेकॉर्ड फिरायची. सासू गायला बसली की कर्णेवाला सुई उचलायचा. मग हळूहळू तो म्हणायला लागला, मावशी, एवढं गाणं संपू द्या. मग म्हणायला लागला, मावशी, तुम्ही म्हणा की, मी आवाज जरा बारीक करतो. सासू त्या काळ्या रेकॉर्डकडं असं बघायची जसं सवतीकडं बघावं. पुढं कॅसेट आल्या, हळदीला बेंजो वाजवणारे आले, आता तर भिंतीएवढे स्पीकर येतात, पण सासूच्या लेखी सुरुवात केली ती त्या रेकॉर्डनं. म्हणून माझाही राग.

सुनेला मी विचारलं होतं, शिकतेस का. ती भली बाई, पण म्हणाली, आई, मला चारचौघांत लाज वाटते. मी सोडून दिलं. नातीला लाज नाही, हे तिच्या ओरडण्यावरून कळलंच होतं. ती घशातून ओरडायची नाही, बेंबीतून ओरडायची, आणि हे तिला मीच दाखवलं होतं. पहिल्या कार्यक्रमानंतर घसा धरून आली, तेव्हा मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, इथून काढ, आणि गार पाणी बंद. त्यानंतर तासभर किंचाळून आली तरी घरी येऊन माझ्याशी गप्पा मारायची.

ऑपरेशनच्या आधीच्या वर्षाची गोष्ट. मी तांदूळ निवडत होते, ती समोर येऊन मांडी घालून बसली. म्हणाली की त्यांची रेकॉर्ड निघणार आहे, खरीखुरी, जुन्या पद्धतीची, आणि तिला दोन बाजू असतात.

"आजे, एक बाजू आमची, एक तुझी. मी घरीच माइक आणते. तू नुसती बस आणि गा."

मला आतून काय वाटलं ते आता लिहायला काय हरकत आहे. मला गोड वाटलं. ज्या रेकॉर्डनं सासूला गप्प केलं तिच्यावर मी. पण तोंडातून दुसरंच आलं.

"मांडव न्हाय तर धवला न्हाय. देवांना बोलवायचं आणि आल्यावर उभं करायचं कुठं?"

"मग अंगणात घालू या मांडव."

"आणि नवरी?"

ती हसली. मी हसले नाही. म्हटलं, "तू बस हळदीला. पायजे तेवढं गाते. दोन्ही बाजू भरून देते."

तिचं हसणं थांबलं. लग्न करायचं नाही, हे तिनं आम्हाला दोनदा सांगितलं होतं, रडून नाही, भांडून नाही, शांतपणे. तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि उठून गेली. नंतरही दोन-तीनदा विचारलं. मी तेच उत्तर दिलं, तेवढ्याच गोडीनं. मला वाटायचं, हे एवढं एक तिला माझ्याकडून हवंय, तर ते मुठीत धरून ठेवू. पोर आज ना उद्या वळेल.

आणि मांडवाचं म्हणाल, तर तो नियम खरा आहे, खोटा नाही. पण सासूनं मला शिकवलं ते कुठल्या मांडवात? मिठागरात शिकवलं. डोक्यावर मिठाची टोपली, बांधावरून पुढं ती, मागं मी. देवांची नावं आली की ती तेवढ्या जागी नुसतं हुंकारायची, म्हणजे कुणी उठून येणार नाही, आणि चाल तेवढी पुढं न्यायची. ही पळवाट मला पाठ होती. नातीला सांगायला काही लागलं नसतं. सांगितली नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं होतं, काही लपवलं नाही. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, वाचेल की नाही सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी ऑपरेशनला पनवेलला जायचं होतं. नात तेव्हा बंगळूरला कार्यक्रमाला गेली होती. मुलगा म्हणाला, तिला बोलावू का? मी म्हटलं, कशाला, आल्यावर बघू. ते तीन आठवडे माझा आवाज चांगला खणखणीत होता. मी त्यात काय केलं? पापड लाटले. बायकांशी गप्पा मारल्या. मासळीवालीशी बोंबलाच्या भावावरून भांडले. एकही धवला म्हटला नाही, अगदी हुंकारून सुद्धा नाही. ऑपरेशन करून उठले आणि मुलाला हाक मारायला तोंड उघडलं तर वारा आला.

तर ती रेकॉर्ड आता आली. पाकिटावर नातीचा फोटो, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. वाजवायचं यंत्र तिनं मुंबईतून जुनं आणलेलं, ते मिक्सरच्या बाजूला ठेवलं, कारण प्लग तिथंच. तिनं सुई ठेवली आणि मी कान दिला. अकरा गाणी, सगळी मिळून सतरा-अठरा मिनिटं. एक गाणं आमच्या गावावरच होतं, खाडीकाठचं खाजण बुजवून कंटेनर रचले त्यावर. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर आमच्या दारावरून जातात तेव्हा भांडी वाजतात, ते भांड्यांचं वाजणं त्यांनी त्यात घातलं होतं. माझ्याच मांडणीवरची भांडी. मी ओळखली.

तुम्हाला वाटेल आता मी लिहिणार, की पोरीच्या ओरडण्यात मला माझा धवला ऐकू आला. मी शोधला, खरं सांगते. प्रत्येक ओळीच्या शेवटी कान लावला, कारण आमच्या धवल्यात ओळीच्या शेवटी आवाज असा खाली येऊन पुन्हा जरासा वर बघतो. तसं कुठं असेल, लहानपणी माझ्या मांडीवर झोपून हळदीच्या रात्री काढल्यात तिनं, काही तरी गळ्यात राहिलं असेल. नव्हतं. श्वास माझा होता, बाकी सगळं तिचं. चांगलं होतं, छाती हलत होती ऐकताना. पण माझं त्यात नव्हतं.

सुई शेवटाला आली. मी हातानं खूण केली, उलट. मग तिनं रेकॉर्ड उलटी केली आणि माझ्या हातात दिली. त्या बाजूला खाचाच नव्हत्या. बोट फिरवलं तर नुसती गुळगुळीत, काळ्या पाण्यासारखी. माझा चेहरा दिसत होता त्यात.

"ती तुझी बाजू. ते तिघं म्हणत होते, त्यावर चित्र कोरू. मी नको म्हटलं."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती वाटाण्याच्या शेंगा सोलल्यासारखं साधं म्हणाली. मी हट्ट केला, लाव. तिनं सुई ठेवली. सुई खरखरली आणि धरायला काही नसल्यावर घसरत घसरत मधल्या कागदापर्यंत गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही काढली. शब्द मला सगळे पाठ आहेत, ते कुठं जातात? चार दिवसांत वही भरत आणली. नातीनं दरम्यान चाल मिळेल म्हणून जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट शोधायला घेतल्या. घराघरांत हिंडली, पार रेवसला दिलेल्या माझ्या भाचीच्या घरापर्यंत. सापडल्या सात. प्रत्येकीत मी दिसते, पाटावर बसलेली, तोंड हलतंय, आणि वरून सिनेमाची गाणी. शूटिंगवाले आमचा आवाज काढून टाकायचे आणि गाणी भरायचे, ते चांगलं दिसतं म्हणून. सातही कॅसेटमध्ये मी मुकी. शेजारच्या गावात दोघी धवलारणी आहेत, पण चाल ज्या त्या गावची वेगळी असते. त्यांची ती त्यांची.

मग आम्ही दोघी बसलो. वही तिच्या मांडीवर. उंबराची फांदी मांडवात आणतात तेव्हाचा धवला मी निवडला, सगळ्यात सोपा म्हणून. तिनं आधी तो पेपर वाचल्यासारखा वाचला. मी हातानं दाखवायला लागले. हात वर म्हणजे चढव, खाली म्हणजे उतरव, मांडीवर थाप म्हणजे थांब. ती म्हणून बघायची, मी मान हलवायची. न्हाय. पुन्हा. न्हाय. किती चढव, ते हाताला कसं सांगता येणार? मी तोंड उघडून वारा काढला, ती कान माझ्या ओठांना लावून बसली. वाऱ्याला चाल नसते हो. माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ वाजत होतं, सासूच्या आवाजात, मिठाच्या टोपलीसकट, आणि हातभर अंतरावर बसलेल्या पोरीला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं.

असे नऊ दिवस गेले. रोज दुपारी. ती सरावाला गेली नाही, दोन कार्यक्रम सोडले. दहाव्या दिवशी तिचा घसा बसला. बेंबीतून ओरडणाऱ्या माझ्या नातीचा, ह्या बारीक गाण्यानं. तिनं पुन्हा सुरू केलं, ओळ भलतीकडंच गेली, शेवटाला तर सरळ सिनेमासारखी वळली, आणि तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे असे, जसे लहानपणी पाढे म्हणून दाखवताना असायचे.

मी मान डोलावली. व्हय.

"खरंच? हीच?"

मी पुन्हा डोलावली. तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग फोन समोर ठेवला, त्यात ते भरून घेतलं आणि विसरायला नको म्हणून लगेच दुसऱ्यांदा म्हटलं. आता जास्त ठाम, एकाही जागी न अडखळता. तशीच चुकीची.

ती चहा ठेवायला उठली, तेव्हा मी डोळे मिटून मनातल्या मनात ती ओळ माझ्या चालीत धरायला गेले. आली तिचीच.