भोकं ठेवलेली भिंत

तेओफिलो यारांगा गोड बोलणारा माणूस नव्हता, आणि आता तो गेला म्हणून मी त्याला तसा करणार नाही. लिमाच्या या उघड्याबोडक्या टेकडीवर आमची घरं उभी राहिली ती त्याच्या हातांनी, हे मात्र कबूल करायला हवं. डोंगरातल्या त्याच्या गावी वाडवडील शेताच्या पायऱ्यांना दगड रचायचे. इथे तो घरांखाली गडगे रचायचा. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड, मागे मातीचा भराव आणि भरावावर घर. माझं घर अशाच एका गडग्यावर होतं आणि त्याच गडग्याच्या पायथ्याशी त्याचं स्वतःचं.

एका दुपारी तो गडगा कोसळला. खाली त्याची बायको दोमितिला कपडे वाळत घालत होती. ती जागच्या जागी गेली.

त्या दिवशी भूकंप नव्हता, काही नव्हतं. मग टेकडीनं कारण शोधलं आणि ते कारण मी निघाले. आमच्याकडे नळ नाहीत. टँकरचं पाणी पिंपात साठवायचं आणि धुण्याचं पाणी घरामागे ओतायचं, सगळेच ओततात. पण माझं पाणी दोमितिलाच्या डोक्यावरच्या मातीत मुरत होतं. तोंडावर कुणी बोललं नाही. सामुदायिक स्वयंपाकघरात बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली, एवढंच. तेओफिलोही काही बोलला नाही. हळूहळू मलाही वाटायला लागलं की तिला मीच मारलं.

काही वर्षं माझं घर ओंडक्यांच्या टेकूंवर उभं होतं. शेवटी तिथे पक्की भिंत बांधायचं ठरलं. वर माझं घर, खाली त्याची मुलगी नोएमी आणि तिचं तान्हं बाळ. भिंत चुकली असती तर पुन्हा त्याच अंगणात माती आली असती. अंदाज काढायला तेओफिलोच आला. दोरी आणि ओळंबा घेऊन दिवसभर फिरला, आणि संध्याकाळी बैठकीत उभा राहिला.

"भिंत दोन पुरुष उंच. मग तळाची रुंदी उंचीच्या निम्मी. दगड-डबर टेकडीवरच मिळेल. सिमेंट, वाळू आणून घ्यायची. पाठीमागे भरायला खडी, आणि भिंतीत आरपार भोकं. खडीत काटछाट करायची नाही."

"निम्मी म्हणजे माझं स्वयंपाकघर गेलं, मेस्त्री," मी म्हटलं.

"गेलं."

"खडी आणि भोकं कशाला?" सिमेंट फुकट द्यायला तयार झालेला दुकानदार आबेलार्दो म्हणाला. "इथे पाऊस पडतो कुठे? धुक्यानं धूळ ओली होते, तेवढीच. त्या खडीच्या खर्चात वर छान कठडा होईल."

"भोकं पावसासाठी नाहीत. बादल्यांसाठी आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघर द्यायला मी तिथल्या तिथे तयार झाले.

रविवारी घरटी एक माणूस कामाला, न येणाऱ्याला दंड, ही आमची जुनी रीत. जिन्यावर रांग लावून आम्ही दगड हातोहात वर चढवले. तेओफिलो उतार सलग खणू द्यायचा नाही. एक तुकडा खणायचा, बांधून भरायचा, मगच शेजारचा. कुणी घाई केली की त्याचं तोंड सुटायचं. "दगड आहे तो, तुझी सासू नाही. कसाही बसवलास तर चालणार नाही." मी खडीच्या गोण्या वाहिल्या. त्यानं एकदाही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

भिंत झाली. इकडे भिंतीलाही बारशासारखा मानकरी लागतो. रिबन बांधलेली बाटली तो भिंतीवर फोडतो, मग जेवण आणि नाच. मान अर्थातच आबेलार्दोचा. आदल्या आठवड्यात तेओफिलो खोकल्यानं अंथरुणाला खिळला होता, आणि वरच्या घरांत आम्ही समारंभासाठी घरोघरची धुणी काढली होती. भोकांतून साबणाचं पाणी ठिबकून भिंतीला दिलेल्या नव्या चुन्यावर तपकिरी ओघळ पडत होते. नोएमीनं सगळी भोकं सिमेंटनं बुजवली आणि वरून पुन्हा चुना फिरवला.

बाटली फोडायच्या रविवारी तेओफिलो धुतलेला सदरा घालून आला आणि भिंतीसमोर थांबला.

"भिंत कोरडी का आहे?"

"मी बुजवली भोकं, बाबा. पाहुण्यांच्या बुटांवर घाण नको. किती छान दिसतेय बघा."

"बाळाला घरातून बाहेर काढ."

"बाबा, आज नको ना. सगळे गेल्यावर करा."

त्यानं हातोडी आणि छिन्नी आणली. पहिलं भोक फुटलं आणि गढूळ पाणी जोरात आलं ते थेट आबेलार्दोच्या पांढऱ्या पँटवर. कुणी हसलं नाही. एकेक भोक फोडत तो शेवटच्या भोकापाशी आला, दोमितिला गेली त्या जागी. तिथे थांबला आणि माझ्याकडे वळला.

"दोमितिला म्हणायची, दगडांच्या फटींतून विंचू येतात. तिच्या वाढदिवसाला मी सगळ्या फटी सिमेंटनं लिंपून दिल्या. फार खूश झाली होती. मग मागे पाणी साचून गडग्याला पोट सुटलं. मला दिसत होतं. म्हटलं, हातातलं काम उरकलं की बघू." त्याला खोकल्याची उबळ आली. "पाणी सगळ्यांचंच येतं, शेजारीणबाई. त्याची वाट मी बंद केली."

"आणि एवढी वर्षं लोक मला बोलत होते ते तुम्ही ऐकत होता?"

"हो."

नोएमी बाळाला घेऊन भिंतीपासून दूर, जिन्यावर जाऊन बसली. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खोकल्यापुढे त्याला छिन्नी भोकावर टेकवता येईना. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि शेवटचं भोक मी फोडलं.

लोक म्हणतात, मी त्या दिवशी त्याला माफ केलं. मी माफ केलेलं नाही. तो मरेपर्यंत मी त्याच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. भोकं साफ करायची त्याची सळई तेवढी नोएमीनं मला आणून दिली. धुणं झालं की मी जिना उतरते, एकेका भोकात सळई घालते आणि माझं पाणी खाली येईपर्यंत तिथेच उभी राहते. बाजूला नोएमी कपडे वाळत घालत असते.