चिचोक्यांनी मोजलेली पृथ्वी

झेंडूच्या हाराचा वास आला की मला शिसारी येते. शाळेत सगळे म्हणतात, मॅडमना फुलांची ॲलर्जी आहे. फुलांची नाही, एका दुपारची आहे.

मी नंदुरबारकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी, आम्ही पृथ्वी मोजायला काढली होती. जोडीला कोल्हापूरकडची एक शाळा होती, कारण ते गाव आमच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला येतं. दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी रोवायची आणि भर माध्यान्ही तिची सर्वांत आखूड सावली मोजायची. सावलीवरून सूर्याचा कोन निघतो. दोन गावांच्या कोनांतला फरक आणि त्यांच्यातलं अंतर कळलं की पृथ्वीचा घेर साध्या त्रैराशिकाने सुटतो. महिनाभर मी याच धुंदीत होते.

अडचण घड्याळाची होती. आपलं घड्याळ चालतं पार पूर्वेकडच्या सूर्यावर. आमच्याकडे माध्यान्ह होते साडेबारा उलटून गेल्यावर. हे मी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बारा म्हणजे बारा, प्रमुख पाहुण्यांना एक वाजता दुसरीकडे सत्कार आहे.

बाराच्या ठोक्याला पाहुण्यांना हार घातला. मग काठीलाही हार घातला. फोटो निघाले, पाहुण्यांनी वाकून सावली मोजली, साडेत्रेचाळीस सेंटिमीटर भरली, टाळ्या पडल्या. नंतर मुलांसकट आम्हाला सगळ्यांना मांडवात हाकललं. बाहेर सावली अजून आखडत होती आणि आत पाहुणे वैज्ञानिक दृष्टीवर बोलत होते. मी उठले नाही. पहिल्या रांगेत होते ना.

बाहेर एकच माणूस राहिलं होतं, खिचडी शिजवणारी मावशी. ती जवळच्या कोरीट गावची. तिने कधी घड्याळ पाहिलेलं मला आठवत नाही. टाकीची सावली ओट्याला टेकली की ती पातेलं उतरवते, आणि खिचडी रोज वेळेवर असते. भाषणं संपल्यावर मी धावत बाहेर आले, तर काठीवरचा हार काढून बाजूला ठेवलेला आणि जमिनीवर चिचोक्यांची सरळ रांग.

"मॅडम, तुम्ही मांडवमा गयात नि सावली आजून धाकली व्हयी ऱ्हायनी," ती म्हणाली. "मंग मी चिचोका मांडात."

सावलीचं टोक सरकेल तसतसा तिने एकेक चिचोका ठेवला होता. काठीच्या सर्वांत जवळचा मी मोजला. एकोणचाळीस आणि वर थोडं. कोल्हापूरची सावली फोनवर आली होती; तिथेच उकिडवं बसून मी गणित केलं आणि पुस्तकातला पृथ्वीचा घेर जवळपास जसाच्या तसा माझ्या वहीत आला. मला रडूच आलं.

तशीच ऑफिसात गेले. मुख्याध्यापकांनीही गणित केलं होतं. पाहुण्यांच्या सावलीने पृथ्वी जवळजवळ एक तृतीयांश आटली होती. म्हणून त्यांनी पुस्तकातलं उत्तर घेतलं, उलटं गणित केलं आणि सावली लिहून टाकली, एकोणचाळीस. निरीक्षकाच्या रकान्यात पाहुण्यांचं नाव. कोल्हापूरला आकडा गेलासुद्धा होता. मी चिचोक्यांचं सांगितलं. "मग आलं ना तेच?" ते म्हणाले.

तेच आलं होतं, हेच तर किळसवाणं होतं. खरी सावली दारात पडली होती आणि कुणाला तिची गरज नव्हती. मी म्हटलं, निदान नाव तरी मावशीचं लिहा, मोजलं तिने. त्यावर ते म्हणाले, "खिचडीवाल्या बाईने पृथ्वी मोजली, असं पाठवू?" क्लार्क हसला. शेजारचे सर हसले. त्यांचं हसून होईपर्यंत मी थांबले आणि मग पाहुण्यांच्या नावाखाली सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं.

"मन्हा चिचोका काममा उनात का, मॅडम?"

मी हो म्हणाले, कामाला आले. ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी माझ्या ताटात तिने पातेल्याच्या तळाची खरवड जास्त वाढली, मला आवडते म्हणून. मी ती सगळी खाल्ली.