खडूचा ठिपका

माझ्या ताईने एका माणसावर छत्तीस वर्षं डूख धरला. लोक म्हणतात, राग मनात ठेवू नये, तब्येतीला वाईट. ताईची तब्येत ठणठणीत आहे. सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी शाळेचे तीन जिने दिवसातून चार वेळा चढते आणि वर पोचल्या पोचल्या मुलांवर ओरडू शकते. त्या रागावरच ती टिकली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताई शाळेत गाणं शिकवते. सहावी ते आठवी, म्हणजे धड लहान नाहीत आणि धड मोठी नाहीत अशी मुलं. मी कपडे शिवते. शाळेच्या नाटकांचे, नाचांचे पोशाख माझ्याकडूनच जातात. त्यामुळे तालमीच्या वेळी मी तोंडात टाचण्या आणि खिशात शिवणाचा खडू घेऊन कोपऱ्यात बसलेली असते. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, बघता मात्र सगळं येतं.

ज्यांच्यावर डूख, ते आमच्या लहानपणी याच शाळेत गाण्याचे मास्तर होते. कडक इस्त्रीचे कपडे, लांब बोटं, आणि पेटीवर हात असा की ऐकत राहावं. ते मी नाकारणार नाही. दरवर्षी संमेलनासाठी ते चाळीस मुलांचं समूहगान बसवत. चाळीसच, कारण तेवढी उभी केली की रंगमंच भरल्यासारखा दिसे. निवड करताना ते पेटीवर काळी पाच, म्हणजे चांगली उंच पट्टी, धरायचे आणि एकेकाला म्हणायचे, "सा लाव." लागला तर ठीक. नाही लागला तर खिशातून खडू काढून त्या मुलाच्या बुटाच्या टोकावर एक ठिपका. ठिपकेवाल्यांनी मागच्या रांगेत उभं राहायचं आणि नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. रांगा लावताना मास्तर फक्त खाली बघत, की झालं काम. मागच्या रांगेला ते 'भिंत' म्हणत.

ताई तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत. मी तिच्याहून वर्षाने लहान, पण पुढच्या रांगेला बुटक्या मुली कमी पडत होत्या म्हणून मला पाचवीतून उचललं होतं. माझा सा लागला. ताईचा लागला नाही. तिसऱ्यांदा प्रयत्न करताना तिचा आवाज चिरकला, वर्ग हसला, आणि मास्तर खडू घेऊन वाकले.

कार्यक्रमाच्या दिवशी आई कामावरून धावतपळत आली आणि दारात उभी राहून तिने गाणं ऐकलं. घरी जेवताना म्हणाली, "म्हणा गं दोघी, मला नीट ऐकू नाही आलं." मी म्हटलं. ताईने सवयीने नुसते ओठ हलवले. आईने विचारलं, "तुझा आवाज का येत नाही?" तेव्हा मी, तोंडात घास घेऊन, हसत हसत सांगून टाकलं, "तिला आवाज काढायची बंदी आहे. ती भिंत आहे."

ताई उठली, हात धुतले, आणि बुटाला काळं पॉलिश लावत बसली. ठिपका कधीच बुजला होता तरी लावतच राहिली. त्यानंतर ती घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. मला त्या चुगलीबद्दल एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी एवढी वर्षं ते उरावर घेऊन फिरले नसते.

एकोणिसाव्या वर्षी ताई एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात लागली. पेट्या पुसायच्या, फाटलेल्या भात्यांना नवं कापड चिकटवायचं. तिथला म्हातारा कारागीर स्वर तपासताना सोबत कोणीतरी सूर धरावा म्हणून तिला म्हणायला लावायचा. ती आधी नाही म्हणाली. त्याने ऐकलं नाही. वरून सुरुवात करून तो एकेक स्वर खाली येत गेला आणि काळी दोनवर थांबला. म्हणाला, "हा घे तुझा सा. चांगला घट्ट आहे. इतकी वर्षं वर कशाला शोधत होतीस?"

मला वाटलं, ताई नाचत घरी येईल. ती आली ती चप्पल भिरकावून.

"छोटे, मी बेसूर नव्हतेच," ती म्हणाली. "त्या माणसाने सगळ्या वर्गाची परीक्षा एकाच पट्टीत घेतली. सात स्वर खाली उतरून बघायला किती वेळ लागतो माहितीये? अर्धं मिनिट. माझ्यासाठी त्याच्याकडे अर्धं मिनिट नव्हतं."

तोवर तिला नुसतं वाईट वाटत होतं. त्या दिवसापासून चीड आली, आणि चीड कामाला येते. नोकरी करून ती गाणं शिकली, परीक्षा दिल्या, आणि अठरा वर्षांपूर्वी मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच जागेवर अर्ज करून त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसली. टेबलाच्या खणात खडूची अर्धी पेटी सापडली. ती तिने खिडकीतून फेकली. खाली शिपाई उभा होता, त्याला लागली, त्याची माफी मागावी लागली.

ताईच्या वर्गात हजेरीला कोणी 'हजर' म्हणत नाही. नाव पुकारलं की मुलाने आपली पट्टी सांगायची. काळी चार. पांढरी पाच. काळी तीन. आठवीतला एखादा पोरगा सुट्टीला जाताना काळी चारवाला असतो आणि परत येतो तो घसा खाकरून, लाजत, "पांढरी दोन" म्हणतो. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवतो आणि ताई वहीत बदल करते. भिंतीवर तिच्या अक्षरात दोनच नियम आहेत. पट्टी आपली नसेल तर तोंड उघडायचं नाही, पेटीला खाली यायला सांगायचं. आणि कोणीही नुसते ओठ हलवायचे नाहीत.

मास्तर निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आंतरशालेय स्पर्धेला परीक्षक म्हणून दरवर्षी तेच. ताई साठच्या साठ मुलं घेऊन जायची, एकालाही न वगळता, आणि दरवर्षी मास्तर माईकवर सांगायचे, "समूह मोठा आहे, पण निवड हवी होती." ताई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. घरी येऊन भांडी घासायची. त्या दिवशी आमची भांडी आरशासारखी निघत.

या वर्षी सातवीत एक नवी मुलगी आली. पहिल्या हजेरीला तिचं नाव पुकारलं तर म्हणाली, "मला गाता येत नाही, बाई. आजोबांनी सांगितलंय."

"कोण आजोबा?"

तिने मास्तरांचं नाव सांगितलं. माझ्या तोंडातली टाचणी घशात जाता जाता राहिली. ताई हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

जिना उतरताना मात्र मीच म्हटलं, "देवाने आणून हातात दिलीय. कर तिला भिंत. आजोबा पहिल्या रांगेत बसून बघू देत."

"पोरीने काय केलंय?"

"तू काय केलं होतंस?"

"म्हणूनच तर," ताई म्हणाली. "मला पोर नकोय. मला तो माणूस हवाय."

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला पेटीजवळ बसवलं आणि एकेक स्वर खाली आणत पांढरी चारवर सा काढून दाखवला. अर्धं मिनिट लागलं. माझ्या भाषेत सांगायचं तर जाड विणीचा आवाज, पिढ्यान्‌पिढ्या न फाटणारा. मुलगी स्वतःचाच आवाज ऐकून दचकली आणि मागे वळून बघायला लागली.

संमेलनात मास्तरांचा सत्कार ठरला होता. ताईने मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं, सुरुवातीचं गाणं नात गाईल, पेटीची साथ आजोबा करतील. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर लगेच हो म्हणाले. ताईने त्यांना गाणं स्वरांसकट लिहून पाठवलं. मी तो कागद वाचला.

"पट्टी लिहायची राहिली," मी म्हटलं.

"राहिली नाही. गाणाऱ्याला पट्टी विचारणं हे साथीदाराचं पहिलं काम. माझं सहावीतलं पोरसुद्धा विचारतं. त्यांनी विचारलं तर सुटले. मी सत्कार करीन, नमस्कार करीन, आणि विषय संपला."

"आणि नाही विचारलं तर?"

"त्या झग्याची उंची जास्त झालीय," ताई म्हणाली. "बघ जरा."

मला पोरीची काळजी वाटली. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण ताईने तिला समोर बसवून सरळ विचारलं, "पट्टी आपली नसेल तर?"

"तोंड उघडायचं नाही."

"पेटीवर आजोबा असले तर?"

मुलीने पेटीकडे बघितलं. "तरी नाही."

"भीती वाटेल?"

"हो."

"वाटू दे. मी बाजूलाच उभी असेन."

मास्तरांनी निरोप पाठवला, ह्याला तालीम कशाला हवी. त्यानंतर चार दिवस ताईने फोन जवळून हलवला नाही. त्यांनी विचारावं असं तिला वाटत होतं की विचारू नये असं, ते मला कळलं नाही. आणि फोनची तरी गरज काय होती? पोर त्यांच्याच घरात राहत होती. सकाळी चहा पिताना विचारता आलं असतं.

संमेलनाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. मास्तर पेटीवर बसले, भाता उघडला आणि काळी पाच धरली. छोटासा सुरेख तुकडा वाजवून नातीकडे बघितलं. ती गप्प. त्यांनी तुकडा पुन्हा वाजवला. ती गप्प. मग ते हळूच म्हणाले, पण समोर माईक होता, "लाव ना सा."

"आजोबा, ही माझी पट्टी नाही."

लोक हसले. मास्तरही हसले. "सगळे याच पट्टीत गातात, बाळ."

तेव्हा ताई पडद्यामागून बाहेर आली. आवाज चढवला नाही.

"सर, खाली या."

मास्तरांनी एक स्वर उतरवला. मुलीने मान हलवली.

"अजून खाली, सर."

काळी चार झाली. हसणं थांबलं होतं. पांढरी पाच झाली. प्रत्येक वेळी मास्तरांचं बोट पट्टीवर जरा वेळ थांबायचं, इथे तरी लागेल म्हणून, आणि प्रत्येक वेळी ताई म्हणायची, "अजून खाली." काळी तीन. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शहात्तर वर्षांचा माणूस आणि सहाशे लोक. मला दया यायला हवी होती. आली नाही.

पांढरी चारला मुलीने तोंड उघडलं. पहिल्याच सुराला खुर्च्यांची करकर थांबली. मास्तर नातीकडे बघत राहिले, त्यांचा हात थांबला आणि पेटी मुकी झाली.

"भाता, सर," ताई म्हणाली.

त्यांनी भाता ओढला. पुढचं गाणं त्यांनी खाली मान घालून वाजवलं, आणि वाजवलं उत्तम.

शेवटी साठ मुलांचं समूहगान होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी आग्रह करून मास्तरांनाही रंगमंचावर नेलं. पुढे जागा नव्हती, म्हणून मागच्या रांगेच्या टोकाला, पडद्यालगत उभं केलं. मी तिथेच होते. मी खाली बसले आणि म्हटलं, "सर, पँटची शिलाई सुटलीय, एक मिनिट." शिलाई काही सुटलेली नव्हती. माझा खडू मात्र खिशात होता.

ताई मुलांच्या रांगा नीट करत टोकापर्यंत आली. मास्तरांनी विचारलं, "तुझी पट्टी कुठली होती?"

"काळी दोन."

"मग तेव्हा सांगायचंस ना."

"अकरा वर्षांची होते, सर."

ते घसा खाकरून गायला तयार झाले. रांग बघायच्या सवयीने ताईची नजर खाली गेली. त्यांच्या उजव्या बुटाच्या टोकावर पांढरा ठिपका होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या तोंडात घातल्या.

"सर," ताई म्हणाली, "तुम्ही नुसते ओठ हलवा."

मास्तरांनी खाली बघितलं. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. गाणं सुरू झालं, पुढे त्यांची नात मोकळ्या गळ्याने गात होती, आणि मागे, माझ्यापासून हातभर अंतरावर, ते शेवटच्या ओळीपर्यंत ओठ हलवत होते. शब्द त्यांना सगळे पाठ होते.

आम्ही घरी आलो. कुलूप काढताना ताई म्हणाली, "खडू कुठला होता?"

"शिवणाचा. ब्रश मारला की जातो."

ताईने दार उघडलं, चप्पल काढून नीट जागेवर ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "पॉलिश लावतील."