समोर बसायला माणूस

आकाराम पवार खुर्ची ओढायला लागले की आमच्या खोलीतल्या सगळ्यांना एकदम चहाची तलफ यायची. खरं सांगतो. मी टेबलावरची कार्डं गोळा करायला लागायचो, लालासाहेब टेबलाखाली चपला शोधायचा, आणि ते एका हातात कागद, दुसऱ्या हातात खुर्ची धरून विचारायचे, "कुनाचं वाचायचं आज?" कुणाचंच नसायचं.

साल शहात्तर-सत्त्याहत्तरचं. कृष्णाकाठच्या आमच्या साखर कारखान्यानं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर विभाग काढला होता. विभाग म्हंजे काय, गोदामाच्या वरची एक खोली, कार्डांना भोकं पाडायची मशिनं आणि आम्ही तिघं. खुद्द कॉम्प्युटर पुण्यात, तोही भाड्याचा. आम्ही इथं कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, ओळीमागं एक कार्ड करायचं आणि कार्डांची पेटी एस.टी.नं पुण्याला धाडायची. आठवडाभरानं पेटी परत यायची, बरोबर छापलेला कागद, आणि त्यावर बहुतेक वेळा एवढंच की अमक्या ओळीत चूक आहे. चूक काढायची, पेटी पुन्हा गाडीत. कंडक्टर चेष्टा करायचा, "आली का माघारी? नांदत न्हाई वाटतं सासरी."

आकाराम पवारांना आम्ही आप्पा म्हणायचो. गडी वाळव्याकडचा, घरचा ऊस, पण उमेदीची वर्षं गेली फौजेत. तिथल्या रेकॉर्ड कचेरीत ते हे काम शिकले आणि कामाबरोबर एक रीतही घेऊन आले. लिहिणाऱ्यानं आपला प्रोग्रॅम मोठ्यानं वाचायचा. दुसऱ्यानं समोर बसून ऐकायचा आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, "का?" उत्तर देता आलं तर पुढं जायचं, अडखळला तर तिथंच थांबायचं. फौजेत त्यांच्या समोर एक पंजाबी हवालदार बसायचा. त्याचं नाव निघालं की आप्पांचा चेहरा खुलायचा. "लय खवट मानूस," म्हणायचे, "सोडायचा न्हाई बगा."

आता ही रीत फायद्याची होती का? होती. आप्पांनी वाचून घेतलेली पेटी पुण्यात पहिल्या फेरीत पास व्हायची, हे आम्हाला दिसत होतं. पण फायद्याची गोष्ट आवडलीच पाहिजे असं कुठं आहे हो? रात्रीचं एरंडेल पोटाला चांगलं असतं, म्हणून कुणी ते आनंदानं पितं का? आपण दिवसभर डोकं खपवून लिहायचं आणि हा माणूस समोर पोलीस ठाण्यात बसल्यासारखा बसून विचारणार, "का?" बरं, खोट काढायची म्हणूनही विचारायचे नाहीत. अगदी मायेनं विचारायचे, त्यानं तर डोकं आणखी फिरायचं. लालासाहेबानं त्यांचं नाव 'उलटतपासणी' ठेवलं होतं. लालासाहेब शिराळ्याचा, सांगलीत बी.एस्सी. झालेला, हुशार आणि गरम डोक्याचा. तो एकदा कागद आपटून म्हणाला, "आप्पा, दोन अधिक दोन चार का, असं पण इचारा आता!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "इचारलं तर सांग की."

शेवटी लालासाहेब मॅनेजरांकडं गेला. वाचनात दिवस मोडतो, पेटी अडकते, असं सगळं सांगितलं. मॅनेजर भला माणूस, त्याला कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यानं निकाल दिला की ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, सक्ती नाही. झालं. त्या दिवसापासून कुणी वाचलं नाही.

ही रीत दोघांची होती, तिथंच सगळं अडलं. कार्डांना नंबर घालायचे, ओळीशेजारी खुलासा लिहायचा, हेही आम्हाला नको असायचं, पण ते आप्पा एकटे करू शकत होते आणि करायचे. वाचायला मात्र समोर माणूस लागतो. आपलीच ओळ आपण वाचली की डोळे सवयीनं पुढं सरकतात, हे ते आम्हाला कितींदा सांगायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की वरून त्यांचा आवाज यायचा. एक ओळ वाचायचे, स्वतःच "का?" म्हणायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. जिन्यात ते ऐकून आम्ही हसायचो. मग एक दिवस हसू यायचं बंद झालं आणि आम्ही खालीच रेंगाळायला लागलो.

घरीही त्यांना कोण होतं? फौजेतून सुटून आले त्याच वर्षी बायको गेली. पोर-बाळ नाही. कारखान्याच्या चाळीत एक खोली, दोरीवर नेहमी एकाच माणसाचे कपडे. वाडीवर थोरला भाऊ नाथाजी होता. आपल्या वाटणीची जमीन आप्पांनी त्यालाच कसायला दिली होती. सणाला तिकडं जायचे, जेवायचे आणि शेवटच्या गाडीनं परत यायचे. राहा म्हटलं तरी राहायचे नाहीत. म्हणायचे, "लोकाच्या घरात किती दीस ऱ्हायाचं?" घर त्यांचंच होतं की हो.

त्या पावसाळ्यात ऊसतोडीच्या क्रमाचं काम आलं. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, यावरून दर हंगामाला मारामाऱ्या व्हायच्या. मॅनेजर म्हणाले, यंदा क्रम मशीन काढेल, म्हंजे वशिल्याचं नाव नको. काम आप्पांकडं आलं. शेतकऱ्यांच्या जुन्या कार्डांवर जागा वाचवायला मजकूर आखडता घेतलेला, त्यात लागणीचा महिना होता पण वर्ष नव्हतं. जुलैपासून पुढची लागण मागल्या वर्षाची, म्हंजे तोडीला आधी, आणि जानेवारी ते जून ती यंदाची, म्हंजे मागनं, असं आप्पांनी धरलं. कुणीही तेच धरलं असतं, आमच्या सगळ्या भागात आडसाली, म्हंजे दीड वर्षाचा ऊस जुलै-ऑगस्टलाच लावतात.

आप्पा माझ्याकडं आले. "नानासो, दोन तास बस गड्या माझ्याम्होरं."

मी म्हटलं, "आवं आप्पा, मी माणदेशातला. मेंढरं इचारा, उसातलं मला काय कळतंय?"

"म्हनून तर तू बस. ज्याला म्हाईत न्हाई त्येनंच इचारायचं असतंय."

पण त्या दिवशी नागपंचमी होती. लालासाहेबानं अख्ख्या विभागाला, खालच्या स्टोअरवाल्यांनाही शिराळ्याला घरी जेवायला बोलावलं होतं. नागपंचमी म्हंजे शिराळा, तिथं जायला मिळतंय तर कोण सोडतंय! जीप खाली हॉर्न देत होती. पुण्याच्या मशीनवर आमची पाळी ठरलेली, पेटी दुपारच्या गाडीनं जायलाच हवी होती. आप्पा जीपपर्यंत आले, कागद छातीशी धरलेले. "कुनीबी एकानं थांबा की रं," म्हणाले. "मागनं एस.टी.नं जावा. तिकीट मी काढतो."

लालासाहेब हसून म्हणाला, "आप्पा, तुमचं कवा चुकलंय? चला बसा, नाग बघा. आल्यावर बसू वाचायला."

आप्पा आले नाहीत. जीप निघाली आणि पेटी दुपारच्या गाडीनं गेली. मशीननं एकही चूक दाखवली नाही. छापलेला क्रम आला, तो फळ्यावर लागला आणि हंगाम सुरू झाला.

संक्रांत होऊन गेल्यावर एक बाई जिना चढून वर आली. डोईवर पदर, हातात उसाचं कांडं, वर वाळलेला तुरा. ती आप्पांची थोरली भावजय, मनुबाई. आप्पा उठून उभे राहिले, "वैनी, तुमी हितं?" म्हणाले. तिनं गुडघ्यावर कांडं मोडलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. आत रस नव्हता, नुसती पांढरी दशी.

"भावजी, समद्या शिवाराचा ऊस गेला. आमच्याच वाडीचा उबा का?"

आप्पांनी कांडं हातात घेतलं. मोडलेल्या जागी बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "आपल्यात लागन जूनमदी करत्यात."

तेच झालं होतं. त्यांची वाडी नदीच्या पार काठाला. पूर यायच्या आत रोप वर यावं म्हणून तिथं मिरग संपला की लागण उरकतात. एवढी एकच वाडी. मशीननं जून बघितला, यंदाचा पोरसवदा ऊस समजून त्यांना सगळ्यात शेवटी घातलं. आप्पा जन्मल्यापासून ती लागण बघत आलेले, बापाबरोबर त्यांनी ती केलेली. घरची रीत इतकी अंगात मुरलेली की लिहिताना ती डोळ्यापुढं आलीच नाही. जूनला यंदाचं धरलं ते का, एवढं कुणी म्हटलं असतं तर उत्तर देता-देताच त्यांना आठवलं असतं.

"मग येऊन सांगायचं न्हाई व्हय वैनी? इतके दीस?"

"कसं सांगावं?" मनुबाईचा आवाज चिरकला. "लोक म्हनायचे कारखान्यात जावा. ह्ये म्हनायचे, आपला आकाराम हाय तितं, आपुनच घाई केली तर लोक काय म्हनतील त्येला? नंबर येईल तवा येईल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता वाडीत बोलत्यात, की वाटनीचा राग काढला म्हनून. राग व्हता तर तोंडावर बोलायचं व्हतं, भावजी. ह्येंनी तवापास्नं तुमचं नाव टाकलंय."

आप्पा ती गेली तरी उभेच राहिले. मला लय वाईट वाटलं.

मॅनेजरांच्या खोलीत चौकशी झाली. लालासाहेबानं कागद चाळले आणि ती ओळ लगेच दाखवली. दुसऱ्याचं दिसतंच लगेच. मॅनेजर म्हणाले, "पवार, सगळ्यांच्या मागं तपासा तपासा म्हणून लागणारे तुम्ही. स्वतःचंच तपासलं नाही?"

"तपासलं की सायेब. एकट्यानं."

एवढंच बोलले. जीपचं काढलं नाही, नागपंचमीचंही नाही. लालासाहेबाची मान खाली गेली, माझीही गेली.

मॅनेजरांनी दोन हुकूम काढले. एक असा की इथून पुढं दुसऱ्यासमोर वाचून झाल्याशिवाय आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय पेटी हलणार नाही. दुसरा असा की आकाराम पवार यांची बदली वजनकाट्यावर. माणसाची रीत ठेवून घेतली आणि माणूस खाली पाठवला. मला तवा संताप आला होता, आजही येतो.

मग मी आणि लालासाहेब समोरासमोर बसायला लागलो. एकमेकांना "का?" विचारून एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या तेवढ्या राहिल्या. पेट्या मात्र पहिल्या फेरीत पास व्हायला लागल्या. आवडलं म्हणाल तर नाही. मला ती रीत कधीच आवडली नाही, शेवटपर्यंत नाही.

पुढच्या हंगामात लालासाहेबाला कावीळ झाली. तो शिराळ्याला पडून होता आणि पाण्याच्या पाळ्यांचा माझा प्रोग्रॅम सहीवाचून अडला. मी कागद घेतले आणि खाली काट्यावर गेलो. दुपारची वेळ, गाड्यांची रांग ओसरलेली. आप्पा केबिनमध्ये बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, वाचायचं हाय. बसता का?"

ते गडबडीनं उठले. धोतराच्या सोग्यानं स्टूल पुसलं, मला दिलं, आणि स्वतः उपड्या डब्यावर बसले.

मी वाचायला लागलो. पहिली ओळ झाली, थांबलो. आप्पा गप्प. दुसरी झाली, तरी गप्प. नुसती मान हलवत होते, "बराबर हाय, बराबर हाय." मला सहन होईना.

"आवं आप्पा, 'का' म्हना की! बुजगावण्यापुढं वाचायला आलोय का मी?"

"कुटल्या तोंडानं म्हनू रं?"

"हाय त्याच तोंडानं!" मी ओरडलोच. "दुसरं कुटनं आनताय?"

बाहेरचे गाडीवान वळून बघायला लागले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही ओळ परत वाच." मी वाचली. "का?" असं विचारलं, पण फार हळू. मी उत्तर दिलं. पुढच्या ओळीला जरा मोठ्यानं विचारलं. मग तर सोडेचनात. पाळी आठ दिवसांचीच का, रविवार का धरला, मोटार बंद पडली तर काय? मला घाम फुटला. मधी एकदा त्यांनी त्या पंजाबी हवालदाराची नक्कल करून दाखवली, मिशीला पीळ देऊन. आप्पांना नक्कल येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

कागद संपला. चूक एकही निघाली नव्हती. मी खूश होऊन सही पुढं केली. आप्पांनी सही केली, कागद नीट जुळवले, पण हातातून सोडेनात.

"चूक न्हाई घावली," म्हणाले.

"बरं झालं की, आप्पा."

"व्हय, बरं झालं." कागदांच्या कडा पुन्हा जुळवल्या. "पर म्हंजे आता तुझं काम झालं. लालासायेब बरं व्हतील. तू कशाला येतोस परत?"

"येतो की आप्पा," मी म्हटलं. "पुढचं लिवलं की येतो."

"लिवलं नसलं तरी ये. जुनंच आन. चूक नसंल त्येच आन."

"येतो म्हटलं न्हवं!"

तेवढ्यात उसाची गाडी काट्यावर चढली. गाडीवानानं हाळी दिली. आप्पांनी कागद माझ्या हातात दिले आणि वजन करायला गेले. मी निघालो. फाटकापर्यंत पोचलो असेन-नसेन, मागून हाक आली. गाडी तशीच काट्यावर ठेवून आप्पा केबिनच्या दारात आले होते.

"वार सांग गड्या," ते म्हणाले. "नुसतं येतो म्हनू नगंस."