मागच्या चाकाचा टायर

दुसरं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा मी मंगरूळपीरला ढोरांचा डॉक्टर होतो. दवाखाना तालुक्याच्या गावी असला तरी माझं निम्मं काम फिरतीचं असे. आज एका गावात खुरकत, तर उद्या दुसऱ्या गावात घटसर्प. लष्कराने विकायला काढलेली एक जुनी फटफटी मी घेतली होती. तिच्या मागच्या गादीवर बायको एकदाच बसली, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. त्या सबंध वाटेत समोर बैलगाडी दिसली की पाठीवर थाप मारून म्हणत होती, "हळू न्या, बैल बुजतात नं!" पुढे विषमज्वराने ती गेली. मूलबाळ नव्हतंच.

फिरतीवर असलो की दिवस जाई. चार माणसं भोवती जमत, बैल धरत, चहा पाजत. घरी आल्यावर मात्र बोलायला कोणी नसे. मी स्टोव्हवर खिचडी टाकायचो आणि ती शिजेपर्यंत अंगणात बसून फटफटी पुसायचो. स्वच्छ असली तरी पुसायचो. असाच एकदा पुसत असताना मागच्या टायरकडे नीट पाहिलं. रबर झिजून आतल्या कापडाचे दोरे बाहेर आले होते.

अकोल्याला मोटारीच्या सामानाचं एक दुकान होतं. पाऊसकाळ सरता सरता मी सर्व्हिस मोटारीने तिथे गेलो. दुकानदार कच्छी होता. त्याने दोन टायर काढून माझ्यासमोर उभे केले. एकावर सरळ रेघा होत्या, वहीच्या पानावर असतात तशा. दुसऱ्यावर चौकोनी ठोकळे, बर्फीच्या वड्यांसारखे, मध्ये बोट जाईल एवढी फट.

"हा सडकेचा," तो म्हणाला. "चूपचाप चालेल, लवकर झिजणार नाही. दुसरा कच्च्या रस्त्याचा. चिखलात पकडेल, पण सडकेवर घुरघुर करेल आणि लवकर संपेल."

"दोन्हीकडे चालेल असा नाही का?"

"असे पण आहेत साहेब. मग ना सडकेवर मजा, ना चिखलात. तुम्ही जास्त कुठे फिरता?"

मी हिशेब करू लागलो. कारंजा, मानोरा, वाशीम, हे सगळं खडीच्या सडकेने. आडवळणाच्या गावांना जायचं असलं तर पाटील सडकेपर्यंत रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, पाठवत. फटफटी एखाद्या झाडाखाली ठेवून मी बैलांच्या मागे बसून जात असे. म्हणजे मला सडकेचा टायर पुरे होता. माझ्या जागी कोणीही तोच घेतला असता.

फक्त एका ठिकाणाहून रेंगी येणार नव्हती. इंझोरीच्या शिवारात माझे सासरे राहत. सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारलेल्या. धाकटी मुलगी कामरगावला दिलेली, आणि थोरली ही अशी गेलेली. गावातलं घर सोडून ते शेतातच खोपडी बांधून राहायला गेले होते. सडकेपासून तिथवर सगळी काळी माती, मध्ये एक नाला. बायकोच्या तेरवीनंतर मी तिकडे गेलो नव्हतो. आता कोणत्या नात्याने जायचं, हेच समजत नव्हतं.

"कच्च्याचा द्या," मी म्हणालो.

दुकानदाराने खांदे उडवले. "मागे कोणी बसतं?"

"नाही."

त्याने टायर सुतळीने बांधून दिला. तो मांडीवर घेऊन मी मोटारीत बसलो. उतरलो तेव्हा धोतर काळं झालं होतं.

पुढच्या रविवारी इंझोरीला निघालो. सडकेवर टायर खरंच घुरघुरला, हादऱ्यांनी दात वाजू लागले. सडक सोडली तशी माती चाकाला धरू लागली. चाकाच्या आणि पत्र्याच्या मध्ये एवढा चिखल दाटला की दर शेताआड उतरून तो काडीने उकरून काढावा लागे. पण नाल्याच्या चढावर, जिथे मी फटफटी टाकून पायी जायच्या तयारीत होतो, तिथे चाक एकदा आडवं सरकलं, मग ठोकळे रुतले आणि गाडी वर चढून गेली. तिथे मला आनंद झाला, आणि तो सांगायला कोणी नव्हतं.

सासरे तुरीत उभे होते. आवाज ऐकून बांधावर आले.

"काहून आले, जवाईबापू? कोनी बिमार हाय?"

"नाही मामाजी. सहज आलो."

"या चिखलातून सहज?" मग त्यांनी कळशीतून पाणी ओतून दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आलेच हा तं बैल पाहून घ्या. पांढऱ्याचं काईतरी बिनसून राह्यलं."

मी पांढऱ्याचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, पोटाला कान लावला. बैल अगदी ठणठणीत होता.

"थोडं पाहावं लागेल," मी म्हणालो. "पुढच्या वेळी परत येतो."

"हाव, या," ते म्हणाले.

मग मी जातच राहिलो. प्रत्येक वेळी पांढऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला काहीतरी झालेलं असे आणि मी ते तपासत असे. नंतर आम्ही भाकर आणि बेसन खात बसायचो. तिच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते तुरीबद्दल बोलत, मी रोगांच्या साथींबद्दल. माती वाळली तशा गाडीवाटेच्या चाकोऱ्या दगडासारख्या झाल्या, पण टायर त्यातूनही निघे.

चैत्रात गेलो तर गोठा रिकामा. सासरे खोपडीसमोर गाठोडं बांधून बसले होते.

"बैल विकून टाकले," ते म्हणाले. "डोयाले दिसत नाई आता. धाकटी म्हन्ते, कामरगावले या. तुमची वाट पाहून राह्यलो होतो. तुमीच पोचवून द्या मले."

"या गाडीवर?"

"मंग? माही पोरगी बसली होती नं?"

मागच्या चाकात जास्तीची हवा भरायच्या निमित्ताने मी खाली वाकलो. माणूस वाढला की हवा वाढवावी लागते. पंप मारून झाल्यावर त्यांना बसवलं. त्यांनी एका हाताने गाठोडं धरलं आणि दुसऱ्याने माझा खांदा. कारंजा मागे पडलं. मग कानाशी ओरडून म्हणाले, "जवाईबापू, तुमी दुसरं लगन करून टाका! मी मनात काई आननार नाई!"

"पाहू!" मीही ओरडलो. ते पाहणं तसंच राहिलं.

कामरगावला मेहुणीने चहा केला. थांबा म्हणाली, जेवून जा म्हणाली. सासरे तिच्या ओसरीवर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले, फटफटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता तुमाले तिकडं जायचं काम नाई."

"नाही," मी म्हणालो.

परतताना फटफटी सडकेच्या प्रत्येक बारीक खड्यावरून उडू लागली. हँडल हातात राहीना. आधी वाटलं, स्प्रिंग तुटली. झाडाखाली थांबून पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं. मग लक्षात आलं की चाकात हवा दोघांची होती.

मी खाली बसून व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि काडीने दाबलं. हवा सूं करत निघू लागली. मध्ये मध्ये अंगठ्याने टायर दाबून पाहत होतो. मला एकट्याला पुरेल इतकी उरल्यावर टोपण लावलं, हात धोतराला पुसले आणि मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलो.