पडद्याची बायकांकडची बाजू

मैत्रीण जाऊन चार महिने झाले. तेराव्याला तिचा भाचा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मावशी, वर्षश्राद्धाला आत्याची एक छोटी पुस्तिका काढतोय. तुम्ही तिच्या सगळ्यांत जुन्या मैत्रीण. दोन पानं लिहून द्या, लहानपणचं. फक्त आजोबांचं ते मारझोडीचं तेवढं नको. त्या काळी सगळेच मारायचे."

मी मान हलवली. मला वेळेवर बोलता येत नाही, कधीच आलं नाही. घरी येऊन वही उघडली आणि ते तेवढं वगळून लिहायला बसले. सागरगोटे झाले, नदीवरचं धुणं झालं, शाळेची घंटा झाली. वाचून पाहिलं तर ती थेरगावातली कुठलीही मुलगी झाली होती. ते पान मी फाडलं.

आता लिहिते ते असं.

माझे वडील थेरगावच्या शाळेत मास्तर होते. आम्ही बाहेरगावचे, गावात भाड्यानं राहायचो. ती शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी, तिला आई नव्हती, एक धाकटा भाऊ तेवढा होता. आम्ही दोघी एका पाटावर बसायचो. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचं पोलकं घालायची. बैल बांधायचा कासरा दुहेरी करून तिचा बाप तिला मारायचा. भाकरी करपली म्हणून, शाळेतून यायला उशीर झाला म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून. मधली भिंत मातीची होती, आम्हाला सगळं ऐकू यायचं. सगळ्या आळीलाच यायचं. बायका पाण्याला निघालेल्या असल्या तर पावलं जरा भरभर टाकायच्या. "त्यांच्या घरातलं हाय, आपून काय बोलायचं," असं म्हणायच्या. माझे वडीलही दार लावून घ्यायचे. हेही लिहायला हवं.

बाप वाईट चालीचा नव्हता. दारू पीत नव्हता. भजनात पुढे असायचा आणि कीर्तनात त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं. लोक म्हणायचे, माणूस हळवा आहे.

चैत्रात नदीपलीकडे चिंचवडच्या माळावर तंबूतला सिनेमा लागायचा. नदीला पाणी कमी असे, दगडांवरून पलीकडे जाता यायचं. तंबूच्या मधोमध पडदा. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या मागे बायका. बायकांना सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, भांग उलटा, पदर उलटा. सुरुवातीची उलटी नावं मला वाचता यायची, म्हणून बायका मला पुढे बसवायच्या. "वाच गं मास्तरीण, काय लिवलंय?" मी वाचायची आणि ती माझ्या शेजारी फुटाणे खात ऐकायची. मला वाचता येतं याचा माझ्यापेक्षा तिलाच जास्त ताठा होता.

त्या वर्षीचा सिनेमा दोन मैत्रिणींचा होता. त्यातल्या एकीचा बाप तिला मारतो. पट्टा काढून बाप पोरीच्या अंगावर धावला, तसा आमच्या बाजूला हुंदक्यांचा गलका झाला. माझ्या मैत्रिणीची सख्खी चुलती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बाई बाई, कसला कसाई म्हणायचा ह्यो!" याच चुलतीच्या आणि तिच्या घराच्या मध्ये एक गोठा होता, बस.

तेवढ्यात पडद्यापलीकडून, पुरुषांतून, एक दाटून आलेला आवाज उठला. "आरं ए! मारू नगंस! लेकरू हाय ते!"

पुरुष हसले. कुणीतरी म्हणालं, "राव, पडद्यावरचा हाय त्यो. त्याला काय ऐकू येतंय?"

आम्ही दोघींनी आवाज ओळखला. तो तिचाच बाप होता. आणि तो रडत होता.

तिचं फुटाणे खाणं थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

तेव्हा मशीन एकच असायचं. रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत खेळ थांबायचा आणि बत्ती पेटवायचे. आमच्या बाजूची बत्ती आमच्या मागे टांगलेली होती. ती आधी लागली, पुरुषांकडं अजून अंधारच होता. बायका नाकं पुसत एकमेकींशी बोलायला लागल्या. ती उठली, पडद्यापाशी गेली आणि कापडाला तोंड लावल्यासारखी उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली. बापाला ती दादा म्हणायची. "ते लेकरू हाय, तर मग मी कोन हाय?"

आमच्या बाजूच्या बायका पडद्याकडं वळल्या.

"सांगा की. आत्ता रडलात न्हवं? परवा भाकरीसाठी कासऱ्यानं मारलं, तवा का न्हाई रडला?"

"खाली बस, भवाने!" पलीकडून आवाज आला, पण तो मघासारखा मोठा नव्हता.

"न्हाई बसत."

चुलती तिला ओढायला उठली. एका म्हातारीनं चुलतीचं लुगडं धरून तिला खाली बसवलं. "बोलू दे की गं तिला. आपून तर कवा बोललो न्हाई."

मग ती मागं सरून बत्तीजवळ आली, तिनं पोलक्याची बाही वर सारली आणि हात उंच धरला. वळ आम्हाला दिसले. पलीकडे पुरुषांना पडद्यावर फक्त तिची सावली दिसली, तिच्याहून दुप्पट मोठी, एक हात वर केलेली. वडिलांनी मला हे फार वर्षांनी सांगितलं. सगळे पुरुष त्या सावलीकडं बघत होते आणि मग एकेक जण वळून तिच्या बापाकडं बघायला लागला. बायकांच्या बाजूला पुरुषानं पाऊल टाकायचं नाही हा तंबूचा नियम होता. त्याला तिकडं येता येईना, आणि इतक्या नजरांत बसवेना. तो उठून गेला.

मी शेवटपर्यंत बसूनच होते. मांडीवर तिची फुटाण्यांची पुडी धरून.

त्या रात्री आई तिला आमच्या घरी घेऊन आली. सकाळी बाप दारात उभा. "पोरगी पाठवा."

आई कधी परपुरुषाशी बोलत नसे. ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "पाठवते. पण काल तुम्हीच ओरडलात ना, मारू नकोस, लेकरू आहे म्हणून? सगळ्या तंबूनं ऐकलंय. आता तेवढं लक्षात ठेवा."

तो तिला घेऊन गेला. मार लगेच थांबला नाही. सिनेमात थांबतो तसा थांबत नाही. पण पुढच्या वेळी कासऱ्याचा आवाज आला तेव्हा पाणी भरायला निघालेली तीच म्हातारी त्याच्या दारात घागर टेकवून ओरडली, "आरं ए! मारू नगंस! लेकरू हाय ते!" अगदी त्याच्याच सुरात. दुसऱ्या दारातून दुसरी ओरडली. आळीतल्या बायकांना ते वाक्य पाठ झालं होतं. त्याचंच वाक्य, त्याला उलटून बोलता येईना. हळूहळू तो हात उचलायच्या आधी दाराकडं बघायला लागला. पुढं नुसतंच दाराकडं बघायचा.

ती सातवी पास झाली. पिंपरीत कारखाने आले तेव्हा एकात बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला लागली, आणि पुढं त्याच बापाला म्हातारपणी तिनंच सांभाळलं. "माफ केलंस का?" मी एकदा विचारलं होतं. "न्हाई," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी पेज गाळत राहिली.

काल ही पानं भाच्याला दिली. त्यानं उभ्या उभ्या वाचली.

"मावशी, हे छापता नाही येणार. लोक काय म्हणतील आजोबांना?"

"तिनं भर तंबूत सांगितलंय," मी म्हटलं. "लपवायला उशीर झालाय, बाळा."

"तरीपण."

"मग छापू नकोस. वर्षश्राद्धाला मी वाचून दाखवीन."

तो हसला, त्याला वाटलं, म्हातारी नुसतं बोलते आहे. माझे गुडघे गेलेत, उठायला मला वेळ लागतो. पण अजून आठ महिने आहेत. रोज सकाळी पलंगाची कड धरून मी उठून उभी राहते आणि ही पानं मोठ्यानं वाचते.